फोटो काढण्याआधी पाहायला शिकू या



आज प्रत्येक घरात मोबाईल आहे, म्हणजेच प्रत्येक घरात कॅमेरा आहे. सहलीहून परतताना एकेका मुलाजवळ दोनशे-तीनशे फोटो असतात. आठ दिवसांनी त्यातला एकही कुणी उघडून पाहत नाही. म्हणून या अंकात आम्ही फोटोग्राफीचा एक छोटासा पाठ देत आहोत. त्यासाठी लांब जायची गरज नाही. सगळी उदाहरणे आपल्या सुलतान बाजारच्या आसपासचीच आहेत.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'तस्वीर खींचना' म्हणतात आणि मराठीत 'फोटो काढणे'. आपण चित्रही काढतो आणि फोटोही काढतो, क्रियापद एकच. चित्र काढणारा कागदावर रेघ ओढण्याआधी समोरच्या वस्तूकडे बराच वेळ पाहतो. फोटो काढणाऱ्यानेही तसेच पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

पहिली गोष्ट, प्रकाश. कोठीची जुनी रेसिडेन्सी आपण सर्वांनी पाहिली आहे. ब्रिटिश रेसिडेंट जेम्स किर्कपॅट्रिक याने ती १८०३ च्या सुमारास बांधायला घेतली. पुढे १९४९ पासून तेथे महिला महाविद्यालय भरू लागले आणि आता ते महिला विद्यापीठ झाले आहे. सहा उंच खांबांचा तिचा दर्शनी भाग उत्तरेकडे तोंड करून आहे. आता भूगोलाचा धडा आठवा. २१ मार्च ते २३ सप्टेंबर या काळात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी या खांबांवर तिरपे ऊन पडते आणि त्यांची गोलाई उठून दिसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे असतो. तेव्हा हाच भाग दिवसभर सावलीत राहतो, मागचे आकाश पांढरे होते आणि इमारत काळवंडते. अशा वेळी मोबाईलच्या पडद्यावर आकाशाला नव्हे, इमारतीला बोट लावावे, म्हणजे कॅमेरा इमारतीच्या हिशेबाने प्रकाश घेतो. आवारात जाण्यापूर्वी परवानगी मात्र जरूर घ्यावी.

दुसरी गोष्ट, धीर. आपल्या शहराचे जुने रूप आज दिसते ते बरेचसे राजा दीनदयाळ यांच्यामुळे. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली त्यांचा जन्म झाला. रुरकीला अभियांत्रिकी शिकून ते इंदूरला सरकारी नोकरीत लागले आणि तेथेच त्यांना फोटोग्राफीचा नाद लागला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि सिकंदराबादला त्यांनी स्टुडिओ उघडला. त्यांच्या काळात जड कॅमेरा तिपाईवर ठेवून काचेच्या पट्टीवर फोटो घ्यावा लागे. एका पट्टीवर एकच फोटो! पट्टी वाया गेली की पैसा आणि मेहनत दोन्ही वाया. त्यामुळे जागा कोणती, वेळ कोणती, काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे आधी ठरे. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांहून अधिक पट्ट्या आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. आपल्याजवळही एकच पट्टी आहे असे समजून एक दिवस फोटो काढून पाहा.

तिसरी गोष्ट, निसर्गातली कथा. मुसीकाठी उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. त्या दिवशी या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले असे सांगतात. त्या पुराचे फोटोही दीनदयाळ यांच्या स्टुडिओने काढून ठेवले आहेत. दीनदयाळ स्वतः १९०५ साली वारले होते.

नववीच्या मुलांना आम्ही एकदा या झाडापाशी नेले होते. बहुतेकांनी झाडाकडे पाठ करून स्वतःचेच फोटो घेतले. एका मुलीने मात्र मैत्रिणीला बुंध्याशी उभे केले आणि मागे सरकून झाड शेंड्यापर्यंत घेतले. झाड केवढे, हे त्या एकाच फोटोत कळत होते. माणसे कुठवर चढली असतील, याचा विचारही तो पाहूनच मुलांच्या मनात आला. येथे एक सूचना: रुग्णालयात रुग्णांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे फोटो कधीही घेऊ नयेत.

चौथी गोष्ट, वेळ. आपला हा भाग पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जाई. ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक ही मेट्रो याच बाजारावरून सुरू झाली. तिच्यासाठी रस्त्याकडेची काही दुकाने पूर्ण, तर काही अर्धी पाडावी लागली. प्रवासाची सोय झाली हे खरेच. पण त्या आधीचा रस्ता कसा होता, हे आजच्या पाचवीच्या मुलाला कशात दाखवावे? पिढ्यान्‌पिढ्या येथे खरेदीला येणाऱ्या आपल्या मराठी घरांत चारमिनारसमोरचे फोटो निघतात. रोजच्या रस्त्याचा फोटो क्वचितच निघतो. जे रोज दिसते ते कायम राहील असे आपण धरून चालतो. म्हणून जवळचे आधी टिपावे.

सुट्टीचा अभ्यास असा आहे:

१. आपल्या घराजवळचे एक झाड, एक जुनी इमारत आणि एक रस्ता निवडावा.
२. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे नुसते पाहावे. मग एकच फोटो काढावा.
३. फोटोखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे होतो ते लिहावे.
४. या ठिकाणाविषयी आजी-आजोबांना काय आठवते, ते चार ओळींत लिहावे.

पालकांना विनंती की कपाटातले जुने फोटो मुलांबरोबर बसून काढावेत. फोटोतल्या माणसांची नावे मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. नावे सांगणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होईल. विश्वस्त मंडळींना विनंती की मुलांचे हे फोटो आणि पालकांनी दिलेल्या जुन्या फोटोंच्या प्रती ठेवण्यासाठी शाळेच्या वाचनालयात एक कपाट द्यावे. दरवर्षी थोडी भर पडत गेली, तर पुढच्या मुलांना आपला सुलतान बाजार पाहायला मिळेल.