मी रडले नव्हते

एप्रिल 2024 मध्ये आमची आई क्योटो स्टेशनवर उतरायची राहिली आणि एकटीच ओसाकाला जाऊन आली. वय एकाहत्तर, भाषा मराठी, जवळ पाचशेच्या दोन नोटा, त्याही आपल्या. तिकीट माझ्या खिशात. पुढं वर्षभर तिनं ही हकिकत भिशीत सांगितली, हळदीकुंकवात सांगितली, मंडईत मेथीच्या जुड्या निवडता निवडता सांगितली. शेवट ठरलेला असायचा: "आमच्या घरात ओसाका बघितलेली मी एकटीच."

मग ती हकिकत मी लिहिली, छापून आणली आणि तिनं सांगायचं बंद केलं.

मी पूर्वी लिहायचो. साताऱ्याच्या एका सायंदैनिकात दर रविवारी माझं छोटं सदर असायचं. 2013 साली बदली झाली, सदर थांबलं, आणि सवड मिळाली की लिहू, लिहू म्हणताना बारा वर्षं गेली. ज्यांचं लिहिणं असं सुटलंय त्यांना ठाऊक असेल, पुन्हा बसायला काहीतरी निमित्त लागतं. आणि सहकुटुंब परदेशवारीसारखं आयतं निमित्त दुसरं नाही. माणसं घरचीच, विनोद तयारच, वर वाचणाऱ्याला थोडा हेवा. जून 2025 मध्ये ओळखीच्या एका संपादकांनी दिवाळी अंकासाठी काहीतरी द्या म्हटलं, आणि मी हो म्हणून बसलो.

बसलो खरा, पण हाताशी काय होतं? दहा दिवसांचे दोन हजार सहाशे फोटो. ओळ एकही लिहिलेली नाही. सहलीत रोज रात्री वाटायचं, फोटो आहेतच की, लिहायचं घरी गेल्यावर. घरी आल्यावर ऑफिस, मग मुलीची दहावी, मग पाऊस. चौदा महिने गेले.

पहिला खर्डा चार पानांचा झाला. त्यात शिनकानसेन 1 ऑक्टोबर 1964 ला सुरू झाल्याचं होतं, नाराच्या तोदाइजी मंदिरातला बुद्ध पंधरा मीटर उंच असल्याचं होतं, फुशिमी इनारीच्या शेंदरी कमानींचं वर्णन होतं. सगळं खरं, आणि आमच्या घरातलं एकही माणूस त्यात नव्हतं. बायकोनं वाचून विचारलं, "आपण गेलो होतो ना?"

लिहिणं सुटलेल्या माणसाची ही पहिली खोड. हात आखडलेला असतो, म्हणून तो माहितीचा आधार घेतो. माहिती कधी अंगावर येत नाही. तुमचाही पहिला खर्डा असाच होईल. होऊ द्या, आणि फाडून टाका. व्हिसा, बॅगांचं वजन, चिवड्याच्या पुड्या आणि विमानतळावरचा पहाटेचा चहा एवढ्यानं सुरू होणारा परिच्छेदही त्याच्याबरोबर जाऊ द्या. मराठीत तो हजार वेळा लिहून झालाय, त्यातले दोनदा मीच.

दुसऱ्या खर्ड्यात मी आईची गोष्ट घेतली. घडलं होतं ते असं. टोकियोहून नोझोमी गाडी सव्वादोन तासांत क्योटोला पोचवते. उजव्या हाताच्या खिडकीतून फुजी दिसला, सगळ्यांचे फोटो झाले, मुलगी झोपली. क्योटो आलं. तिथं गाडी मिनिट-दीड मिनिटच थांबते. चार बॅगा, झोपेतली मुलगी, छत्र्या. उतरलो, दार लागलं, गाडी हलली, आणि बायको म्हणाली, "आई कुठायत?" आई डब्याच्या टोकाला हात धुवायला गेली होती. चूक कोणाची? माझी. माणसं मोजण्याआधी बॅगा मोजल्या.

नशिबानं ती गाडी पुढच्याच स्टेशनापर्यंत, शिन-ओसाकापर्यंत होती. क्योटोच्या फलाटावरच्या कर्मचाऱ्याला आम्ही हातवाऱ्यांनी सांगितलं, त्यानं फोन लावला. आईच्या गळ्यातल्या पाकिटात बायकोनं हॉटेलचं नाव जपानीत लिहून घेतलेलं कार्ड ठेवलं होतं. (हे मात्र कुठंही जाताना कराच. आईचा फोन तिकडं चालत नव्हता, कार्ड चाललं.) तिकडच्या माणसांनी तिला परतीच्या गाडीत बसवलं, इकडच्यानं आम्हाला डब्याचा नंबर कागदावर लिहून दिला, आणि एक वीसला आई समोर उतरली.

एवढं मला आठवत होतं. पण मधल्या पन्नास मिनिटांत आईचं काय झालं, ती उतरली तेव्हा काय म्हणाली, हे आठवेना. तिला विचारावं, तर ती वरच्या मजल्यावरच होती. विचारलं नाही. तिला थक्क करायचं होतं ना, अंक हातात देऊन! म्हणून मी फोटो उघडले.

माझ्या फोनमध्ये एक वीसचा फोटो होता: आई गाडीतून उतरतेय, पदर सावरतेय. त्याच्या लगेच पुढं बायकोच्या कॅमेऱ्यातला, एक सव्वीसचा. आईचा अगदी जवळून चेहरा, डोळे लाल, गालावरून पाणी ओघळतंय, हातात रुमाल. झालं. मला हवा तो शेवट मिळाला. मी लिहिलं की परक्या मुलखात एकटी पडलेली आई आम्हाला पाहताच लहान मुलीसारखी रडली, आणि तिला जवळ घेताना मला कळलं की आता मी बाप झालोय आणि ती लेक. लिहिताना माझेही डोळे भरून आले, तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

अंक आला. पंधरा-वीस लोकांचे फोन आले, सगळ्यांना शेवट आवडला होता. कराडहून आत्याचा फोन आला, तो आईनं स्पीकरवर घेतला. "वहिनी, लई रडलीस म्हणं तिकडं?"

आई म्हणाली, "मी रडले नव्हते." आणि विषय बदलून आत्याच्या गुडघ्याचं विचारलं.

मला ती काही बोलली नाही. पण दिवाळीनंतरच्या भिशीत कुणीतरी म्हणालं, काकू, ते ओसाकाचं सांगा की. तर म्हणाली, "छापून आलंय, वाचा."

हे बायकोनं मला सांगितलं त्या रात्री मी आईची वही मागून घेतली. वही म्हणजे एका पतसंस्थेनं फुकट दिलेली खिशात मावणारी डायरी. आई तीसेक वर्षं रोजचा खर्च लिहिते, जपानमध्येही लिहीत होती, आणि आम्ही तिला हसत होतो. त्या दिवसाच्या पानावर असं होतं:

"क्योटोला उतरायचं राहिलं. ओसाका 12.44. टोपीवाला पोरगा, पांढरे हातमोजे. दोन्ही हातांनी पाणी दिलं. राजगिऱ्याचा लाडू दिला, घेतला, वाकला, खिशात ठेवला. स्टेशन फार स्वच्छ. परत आले. संध्या. काकडीची सुशी 380. हिरवी चटणी नव्हे ती, मोहरी फेसल्यासारखी नाकात गेली."

हिरवी चटणी! आठवलं. हॉटेलच्या खोलीत आम्ही दुकानातून आणलेली सुशी खात होतो. त्याच्या कडेला वासाबीचा हिरवा गोळा होता. ठेचा खाऊन वाढलेल्या माणसाला एवढ्याशा गोळ्याचं काय भय, म्हणून आईनं तो अख्खा तोंडात टाकला, आणि पुढची पाच मिनिटं तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आम्ही हसून लोळलो होतो. बायकोनं फोटो काढला होता.

पण मग वेळ एक सव्वीस कशी? फोननं टोकियोला उतरल्याबरोबर आपोआप जपानची वेळ घेतली होती. कॅमेऱ्याचं घड्याळ साताऱ्याच्याच वेळेवर चालत राहिलं. जपान आपल्या साडेतीन तास पुढं. संध्याकाळी चार छप्पन्नचा फोटो कॅमेऱ्यानं एक सव्वीसचा म्हणून नोंदला, संगणकानं दोन्हीकडचे फोटो वेळेनुसार लावले, आणि वासाबीचं पाणी मायलेकरांच्या भेटीत येऊन पडलं.

दोष कॅमेऱ्याचा नव्हे. फोटोनं फक्त डोळ्यांत पाणी आहे एवढंच सांगितलं होतं. का आहे, ते मी सांगितलं. आणि ते सांगताना पन्नास मिनिटं एकटीनं निभावून, परक्या पोराचा लाडवानं पाहुणचार करून आलेल्या बाईला मी हरवलेली म्हातारी करून टाकली. कौतुक म्हणून केलं, हे आणखी वाईट.

आता कुणी म्हणेल, एवढं काय, गोडसे भटजींनी 1857 च्या धामधुमीतला प्रवास कित्येक वर्षांनी लिहून काढला, पुस्तक निघायला तर 1907 साल उजाडलं. खरंय. पण त्यांच्यापाशी दोन हजार सहाशे फोटो नव्हते. माझा असा समज झालाय की फोटो काढला की आपण लक्षात ठेवायचं काम त्याच्यावर सोपवतो आणि मोकळे होतो. हकिकत लक्षात राहते ती सांगून सांगून, आणि आमच्या घरात ते काम आई करत होती.

तेव्हा तुम्ही निघणार असाल आणि परतल्यावर लिहायचा विचार असेल, तर फोटो खुशाल काढा, पण रोज झोपण्याआधी दहा मिनिटं काढून दहा ओळी लिहा. मोठी वही नेऊ नका, तिचं दडपण येतं. खर्चाची वही सगळ्यात उत्तम, कारण रकमेला वेळ असते, जागा असते, आणि कुणी काय खाल्लं हे असतं. नारात हरणांना घालायच्या बिस्किटांचा गठ्ठा 200 येनला, म्हणजे तेव्हाच्या भावानं एकशेदहा रुपयांना घेतला, एवढं आईच्या वहीत दिसलं आणि मला पुढचं सगळं आठवलं: मुलीच्या पाठीशी लागलेलं हरीण, त्यानं खाल्लेला नकाशा, "माणसासारखं वाकतंय, पण दम नाही त्याला" हे आईचं वाक्य. दुकानांच्या पावत्या मीही जपल्या होत्या, मोठ्या हौसेनं, पाकिटात. त्या उष्णतेनं छापायच्या कागदावरच्या होत्या. वर्षात अक्षरं उडून गेली, हातात कोरे चिटोरे राहिले. मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन शब्द लिहिले असते तर भागलं असतं.

बोललेलं आधी लिहा, पाहिलेलं मागाहून. पाहिलेल्याचा फोटो असतोच. हिरोशिमाच्या घुमटाचे माझ्याकडे एक्केचाळीस फोटो आहेत. शांती संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे, 6 ऑगस्ट 1945 चा, आतलं अन्न जळून काळा कोळसा झालेलं. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, मला तेव्हा गाडीची घाई होती. वहीत त्या दिवशी खर्चाच्या खाली दोनच ओळी आहेत: "डबा बघितला. खाल्ला नव्हता." तीस वर्षं माझे डबे भरलेल्या बाईच्या या दोन ओळींपुढं माझी चार पानं काय कामाची?

जिथं आठवत नाही तिथं विचारा. विचारायला माणूस नसेल तर "आठवत नाही" असं लिहा. वाचणारा रागावत नाही. चुकीचं रडवलेलं माणूस मात्र घरातच असतं, आणि सकाळी चहा तेच देतं.

आणि छापण्याआधी ज्याचं त्याला वाचून दाखवा. क्योटोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत फोटो काढायला मनाई आहे, 10,000 येन दंडाची पाटी लावलेली आहे. तिथं आम्ही सगळ्यांनी निमूट फोन खिशात घातले. आईच्या तोंडावर तशी पाटी नव्हती, एवढाच काय तो फरक. मुलीला हा लेख दाखवल्यावर तिनं स्वतःबद्दलचे दोन परिच्छेद काढायला लावले. ते विनोदी होते, माझ्या मते. काढले.

आईला परवा दुपारी वाचून दाखवला. तिनं चष्मा लावला, वही आणली आणि ओळीनं ताडून बघितलं. लाडवाशी थोडी थांबली, हसली. मग म्हणाली, सुरुवात चुकलीय. "जवळ पैसे नाहीत" असं मी तिथं लिहिलं होतं. "पैसे होते," ती म्हणाली. "पाचशेच्या दोन नोटा होत्या. आपल्या होत्या."

वर तसं दुरुस्त केलं आहे.