गाळ्याचे पैसे

जत्रा आपल्याला नवी नाही. गावदेवाची जत्रा आली की बांगडीवाला येतो, खेळणीवाला येतो, मिठाईवाला येतो. जागेचे पैसे द्यायचे, पाल ठोकायचे, धंदा करायचा आणि जत्रा उठली की आपल्या गावी जायचे. ही रीत जुनी आहे.

आता शहरांत आणखी एका तऱ्हेच्या जत्रा भरतात. त्यांना कलामेळा किंवा हस्तकला प्रदर्शन म्हणतात. हरियाणात सूरजकुंड येथे १९८७ सालापासून असा मोठा मेळा भरतो. मुंबईत काळा घोडा भागात १९९९ सालापासून कला महोत्सव भरतो. जिल्ह्याच्या गावीही लहानमोठी प्रदर्शने होतात. वारली चित्रे काढणारे, कोल्हापुरी चपला शिवणारे, सावंतवाडीची लाकडी खेळणी करणारे, बुरूड, कुंभार असे कितीतरी कारागीर तेथे जातात. माल सरळ गिऱ्हाइकाच्या हातात पडतो. मधला दलाल नसतो. म्हणून हाती चार पैसे जास्त राहतात.

पण मेळ्यात बसायला जागा लागते. या जागेला गाळा किंवा स्टॉल म्हणतात. गाळ्याचे पैसे मेळ्याआधी एकदोन महिने भरावे लागतात. आणि भांडण लागते ते येथेच. आपण आजारी पडलो तर? मेळाच भरला नाही तर? भरलेले पैसे परत मिळतात का?

हे समजण्यासाठी एक गोष्ट वाचू या.

बाईने कागद वाचला

एका गावात मातीकाम करणारे एक जोडपे होते. चाकावर बुवाचा हात चाले आणि रंगकाम बाई करी. त्यांच्या पणत्यांना मोठी मागणी होती. दिवाळीच्या आधी शहरात पाच दिवसांचा मेळा भरणार, असा निरोप मोबाइलवर आला. सोबत अर्ज होता. अर्जाची फी २०० रुपये, गाळ्याचे भाडे ५,००० रुपये आणि अनामत १,००० रुपये, असे एकूण ६,२०० रुपये भरायचे होते.

घरात एवढी रक्कम नव्हती. बाईने बचत गटातून ६,००० रुपये काढले. व्याज दरमहा शेकडा २ रुपये. वरचे २०० रुपये घरातले घातले. बुवा पैसे धाडायला निघाला.

"अवो, थांबा जरा," बाई म्हणाली. "हा कागद मला वाचू द्या."

"काय वाचायचंय त्यात? दोन दिसांत गाळे भरतील म्हणालेत."

"भरू देत. पैसा गटाचा हाय. बुडाला तर बाया मला इचारतील."

बाई अक्षर अक्षर लावून वाचू लागली. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही.'

बाई थबकली. म्हणाली, "कोणत्याही कारणास्तव म्हंजे काय वो? आपण गेलो न्हाई तरी पैसे गेले, हे समजलं. पण त्यांनी मेळाच भरवला न्हाई, तरीबी आपलेच पैसे जायाचे?"

बुवाजवळ उत्तर नव्हते. त्याने मेळा भरवणाऱ्या गृहस्थांना फोन लावला आणि बाईच्या हाती दिला.

दोन्ही बाजू

गृहस्थ रागावले नाहीत. ते म्हणाले, "ताई, आमची अडचण सांगतो. चाळीस गाळे आहेत. मैदानाचं भाडं आम्हाला आधी भरावं लागतं. मंडपवाल्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते. वीज, राखणदार, परवाने, जाहिरात, सगळं आधीच. मागल्या साली दोघंजण न सांगता आलेच नाहीत. मोकळा गाळा म्हणजे तोंडातला पडका दात. गिऱ्हाईक तिथूनच माघारी वळतं. म्हणून ती ओळ घातली."

"दादा, तुमचं खरं हाय," बाई म्हणाली. "आम्ही ऐन वेळी आलो न्हाई तर कापा आमचे पैसे. पण लवकर कळवलं तर? आन् मेळा तुमच्याच बाजूनं रद्द झाला तर? ह्या तिन्ही गोष्टी येक कशा?"

गृहस्थांना म्हणणे पटले. बोलून अटी ठरल्या. मेळ्याआधी ३० दिवस कळवले, तर भाड्यातून ५०० रुपये कापून बाकी परत. ३० ते १५ दिवसांत कळवले, तर निम्मे भाडे परत. त्याहून उशीर झाला, तर भाडे परत नाही. पण तो गाळा दुसऱ्याने घेतला, तर ५०० रुपये कापून बाकी द्यायचे. मेळा कोणत्याही कारणाने भरलाच नाही, तर भाडे आणि अनामत पूर्ण परत. अर्जाची फी मात्र परत नाही, कारण अर्ज तपासण्याचे काम झालेले असते.

"दादा, हे मोबाइलवर लिहून धाडा," बाई म्हणाली. "तोंडचं वाऱ्यावर जातं."

लेखी निरोप आला. मग पैसे गेले. पावती आली. ती बाईने डब्यात जपून ठेवली.

पाऊस आला

मेळ्याला चार दिवस उरले असताना परतीचा पाऊस कोसळला. मैदानात गुडघाभर पाणी साचले. मैदान देता येत नाही, असे मालकाने कळवले. मेळा रद्द झाला.

गृहस्थांचा फोन आला. "ताई, मंडपवाल्याकडे आमची रक्कम अडकलीय. तुमचे पैसे आम्ही जानेवारीच्या मेळ्याला वळते करतो."

"जानेवारीत पणत्या कोण घेणार, दादा?" बाई म्हणाली. "जानेवारीत येऊ आम्ही, कुंड्या घेऊन. पण हे पैसे गटाचे हायेत. लिवलंय तसं करा. येकदम जमत नसंल तर दोन हप्ते करा. पण तारीख सांगा."

तारखा ठरल्या. पहिले ३,००० रुपये दहा दिवसांनी आले. उरलेले ३,००० दिवाळीनंतर आले. गटाचे कर्ज फिटले. पणत्या आठवड्याच्या बाजारात कमी भावाने विकल्या.

म्हणजे तोटा झालाच नाही का? झाला. हिशेब पाहा. अर्जाची फी २०० रुपये. दोन महिन्यांचे व्याज २४० रुपये. टेंपोवाल्याला दिलेला विसार ५०० रुपये. एकूण ९४० रुपये गेले. पण ती बारीक ओळ तशीच राहिली असती, तर ६,९४० रुपये गेले असते.

आणि आणखी एक गोष्ट राखली गेली. भांडण झाले नाही. जानेवारीत जोडपे त्याच मेळ्याला गेले.

कायदा काय सांगतो?

गाळ्याचे पैसे देणे-घेणे हा करार आहे. करार म्हणजे दोघांनी राजीखुशीने ठरवलेली आणि कायद्याने मानलेली गोष्ट. आपल्या देशात यासाठी १८७२ सालचा करार कायदा आहे. तो आजही चालू आहे. तोंडी करारही करारच असतो. पण तो शाबीत करणे कठीण जाते. म्हणून कागद हवा.

याच कायद्यात सांगितले आहे, की ठरलेली गोष्ट कोणाचाही दोष नसताना पुढे अशक्य झाली, तर करार रद्द होतो. मग ज्याने त्या करारापोटी काही घेतले असेल, त्याने ते परत करावे किंवा त्याची भरपाई द्यावी. मात्र अशा वेळी काय करायचे हे दोघांनी आधीच लिहून ठरवले असेल, तर प्रथम ते लिहिलेले पाहिले जाते. म्हणूनच सही करण्यापूर्वी वाचायचे.

समजा, कराराचा भंग आपल्याकडून झाला आणि कागदावर दंडाची रक्कम लिहिलेली आहे. तरी ती सगळी आपोआप कापता येते असे नाही. कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई मान्य करते. लिहिलेल्या रकमेहून जास्त तर देतच नाही.

असे प्रसंग विरळा नाहीत. कोरोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा मेळे बंद पडले. सूरजकुंडचा मोठा मेळासुद्धा २०२१ साली भरला नाही. पाऊस, साथ, संचारबंदी यांतले काय केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. आले तर काय करायचे, एवढे मात्र आधी ठरवता येते.

पैसे अडकले तर

प्रथम शांतपणे बोला. मग लेखी मागणी करा. मुदत घाला. पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तेथे जा. १९८७ सालच्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकिलाची मदत फुकट मिळते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. अशा पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षे असते. म्हणून 'बघू पुढं' म्हणून बसू नये.

सरकारी मेळे

केंद्र सरकारच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांचे कार्यालय कारागिरांना 'पहचान' नावाचे ओळखपत्र देते. गांधी शिल्प बाजारासारख्या सरकारी मेळ्यांसाठी अर्ज करताना ते उपयोगी पडते. ज्याने अजून काढले नसेल, त्याने चौकशी करावी. मात्र मेळा सरकारी असो की खासगी, अटी वाचण्याचे काम आपलेच.

गाळा घेण्याआधी हे विचारा

१. एकूण रक्कम किती? त्यात फी किती, भाडे किती, अनामत किती?
२. अनामत केव्हा परत मिळेल? कशासाठी कापली जाईल?
३. मी आलो नाही तर किती परत? किती दिवस आधी कळवायचे?
४. मेळा रद्द झाला किंवा तारीख बदलली तर पैसे परत, की पुढच्या मेळ्यात जागा? हे कोण ठरवणार?
५. परतीचे पैसे किती दिवसांत येतील?
६. विक्रीवर शेकडा काही द्यायचे आहे का?
७. गाळा कोठे, केवढा? वीज, टेबल, रात्रीची राखण कोणाकडे?

आणि आपल्या बाजूनेही तीन गोष्टी पाळा. जायचे नसेल, तर त्याच दिवशी कळवा. आपला गाळा परस्पर दुसऱ्याला देऊ नका. शेवटच्या दिवसापर्यंत गाळा उघडा ठेवा. मेळा भरवणारा आणि कारागीर ही एका गाडीची दोन चाके आहेत. एक चाक चिखलात रुतले, तर दुसरे एकटे पुढे जात नाही.

पत्र असे लिहावे

श्री. चालक, हस्तकला मेळा, यांस,

सा. न. वि. वि. मी आपल्या मेळ्यात गाळ्यासाठी ६,२०० रुपये भरले आहेत. पावती जोडली आहे. मेळा रद्द झाल्याचे आपण कळवले. ठरलेल्या अटीप्रमाणे भाडे ५,००० रुपये आणि अनामत १,००० रुपये, असे ६,००० रुपये मला परत मिळावेत. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम पाठवावी, ही विनंती.

(तारीख, नाव, गाव, सही)

अभ्यास

१. 'कोणत्याही कारणास्तव' या शब्दांवर बाई का थबकली?
२. मोकळ्या गाळ्यामुळे मेळ्याचे काय नुकसान होते?
३. बाईने पैसे जानेवारीच्या मेळ्याला का वळते करू दिले नाहीत?
४. हिशेब करा : गाळा, टेंपो, राहणे-जेवण मिळून १२,००० रुपये खर्च आला. एका कुंडीमागे माल आणि मजुरी जाऊन ८० रुपये उरतात. खर्च भरून निघायला किती कुंड्या विकल्या पाहिजेत? (उत्तर : १५०)
५. तुमच्या घरात एखादी पावती किंवा अर्ज असेल, तर आणा. त्यातली सर्वांत बारीक अक्षरांतली ओळ वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.