चंदीगडच्या घरात कोणता कुत्रा?

प्रश्न : बदलीमुळे चंदीगडला आलेल्या एका मराठी कुटुंबात चार आणि नऊ वर्षांची मुलं आहेत. मुलांना हस्की हवा, वडिलांना रॉटवायलर. कोणता घ्यावा?

उत्तर : वडिलांचा हट्ट महापालिकेनेच निकालात काढला आहे. 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या उपविधींनी रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा जातींवर शहरात बंदी घातली.

हस्कीच्या आड येतं ते हवामान. मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि त्याची दुहेरी लव सैबेरियाच्या थंडीसाठी आहे. एसीत कोंडून ठेवला, तर कंटाळून सोफा कुरतडेल. पगचं दुखणं वेगळं. चपट्या नाकामुळे उन्हात त्याला धड श्वासही घेता येत नाही.

लॅब्रॅडॉरचं मुलांशी सहसा छान जमतं. पण तीस किलोंचा हा गडी लाडात आला, की चार वर्षांच्या पोराला सहज आडवं करतो. शिवाय खादाड! रोज दोनदा त्याला फिरवणार कोण, हे आधीच ठरवावं. सुखना तलाव आणि रोझ गार्डन त्या फेरीत धरू नये, तिथे कुत्र्यांना मनाई आहे.

देशी पिल्लाला लोक उगाच नाकं मुरडतात. इथला उन्हाळा त्याला सोसतो, देखभालही कमी लागते. या घरासाठी पहिली पसंती त्यालाच. मात्र ते आठ आठवड्यांपेक्षा लहान नसावं. नोंदणी आणि रेबीजची लस सक्तीची आहे. कुत्रा कुठलाही असो, तो जेवत असताना धाकट्याला त्याच्याजवळ एकटं सोडू नये.