प्रकाशाची नर्तकी

नर्तकी कितीही निपुण असली, तरी तिच्यावर केवळ समोरून भगभगीत उजेड टाकल्यास अंगाची गोलाई लोपते आणि ती भिंतीवरील चित्रासारखी सपाट भासते. नृत्याला प्रकाश हवा तो बाजूंनी, मागून, क्वचित पायांखालूनही! हे मर्म ज्यांनी आरंभी ओळखले, त्यांत लॉई फुलर ही अग्रगण्य होय.

लॉईचा जन्म १८६२ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. नृत्याचे रीतसर शिक्षण तिला फारसे लाभले नव्हते. परंतु तिची दृष्टी मोठी चौकस होती. शुभ्र रेशमाचा प्रचंड घोळदार झगा ती अंगावर घेई व हातांतील लांब काठ्यांनी तो लाटांसारखा उसळवी. रंगमंच काळ्या पडद्यांनी वेढलेला असे. दिव्यांपुढे रंगीत काचा फिरू लागल्या, की त्या वस्त्रातून कधी फुलपाखरू, कधी कमळ प्रकट होई. १८९५ च्या अग्निनृत्यात तर तिने रंगमंचाच्या जमिनीतच काच बसवून खालून प्रकाश सोडला. प्रेक्षकांना वाटे, ज्वालाच नाचत आहेत! दिवेवाल्यांना ती टाचेच्या ठोक्यांनी खुणा करी. एकाचा हात क्षणभर चुकला, तरी सारा देखावा फसावयाचा.

अशी कला चोरावयास कितीसा वेळ लागणार? अनुकरण करणाऱ्या एका नर्तकीविरुद्ध लॉईने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दाद मागितली. या नृत्यात कथानक नाही, म्हणून त्यास कायद्याचे संरक्षण नाही, असा निर्णय १८९२ मध्ये झाला. त्याच वर्षी ती पॅरिसला गेली, तो तेथेही एक नक्कल करणारी आधीच नाचत होती! लॉई डगमगली नाही. तिने आपली कला दाखवून तेथील नाट्यगृह जिंकले. पुढे काठ्या जोडलेल्या झग्याचे पेटंटही तिने १८९४ साली मिळविले. मात्र त्या प्रखर दिव्यांपायी तिचे डोळे अधू झाले.

क्यूरी दांपत्याने रेडियम शोधल्याचे कळताच, त्याचे चमकणारे पंख करता येतील काय, असे तिने त्यांना पत्राने विचारले. हे शक्य नाही, असे त्यांनी सौजन्याने कळविले. ते एका परीने बरेच झाले. कारण रेडियम शरीरास किती घातक असते, हे त्या काळी कोणासही पुरतेपणी ठाऊक नव्हते. उत्तराने लॉई इतकी संतुष्ट झाली, की ती आपले दिवेवाले घेऊन क्यूरींच्या घरी गेली. कित्येक तास मांडामांड चालली. मग त्या साध्यासुध्या भोजनगृहात, त्या दोघा शास्त्रज्ञांसमोर, तिने नृत्य केले.