न जाता अंतर कसे मोजावे?



गेल्या महिन्यात गुरुजींनी आम्हां सातवीच्या मुलांना जुन्या दगडखाणीसमोर नेले. एकाने मोठ्याने हाळी दिली. ती कड्यावर आपटून एका सेकंदाने परत आली. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन ३४०, म्हणजे कडा १७० मीटरवर. मग टेप लावली, तर १६२ मीटर भरले! गुरुजी म्हणाले, "शास्त्रज्ञ अशाच युक्तीने आकाशातले अंतर मोजतात."

घरी सांगितले तर आबा म्हणाले, "खाण जवळ हाय म्हणून टेप लावली. आभाळात कोण गेलतं टेप घेऊन?" मला उत्तर देता येईना. मग गुरुजींना विचारून हा लेख लिहिला.

साताऱ्याहून सांगलीला एस.टी.ला सुमारे तीन तास लागतात. प्रकाश मात्र एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. एका दिवसात तो जेवढा जातो त्याला एक प्रकाशदिवस म्हणतात.

कन्या राशीत थ्री-सी २७३ नावाचा क्वेसार आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे २०० कोटी वर्षे लागतात. त्याच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर आहे. त्यात पडणारा वायू तापून झळाळतो. त्याच्याभोवती लांबवर वायूचे ढग फिरतात. मधला उजेड वाढला की तो ढगांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि ढग उशिरा उजळतात. ढगांतल्या हायड्रोजनचा प्रकाश ठरावीक रंगांचा असतो, म्हणून तो वेगळा ओळखू येतो.

इथे खाणीसारखे निम्मे करायचे नाही. आपल्या बाजूच्या ढगांचा उशीर कमी, पलीकडच्यांचा जास्त. सरासरी काढली की मध्यापासून ढगांचे अंतर मिळते.

सुमारे १० वर्षांच्या नोंदींवरून २०१९ साली हे अंतर सुमारे १४६ प्रकाशदिवस निघाले. त्याआधी २०१८ साली चिली देशातल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून, अगदी वेगळ्या पद्धतीने मोजले होते. तेव्हा आले सुमारे १४५! अंतर आणि वायूचा वेग कळल्यावर कृष्णविवराचे वजनही काढता आले. ते पंचवीस-तीस कोटी सूर्यांएवढे आहे.

आपल्या पुण्यातही १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तिची २ मीटर आरशाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला आहे.

मी आबांना म्हणालो, "आबा, ऊस कारखान्याला घालायच्या आधी तुम्ही गाडी बाहेरच्या काट्यावर का नेता?"

"दोन्ही वजनं जुळली म्हंजे खरं."

"मग इथंही दोन काटे जुळले की!"

आबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आसं हाय व्हय! मग मानलं."

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी