विजय हजारे यांचा धावफलक

तारोडीच्या मोकळ्या जागेत फळकुटाची बॅट घेऊन खेळणारा आमचा विद्यार्थी संध्याकाळी आपल्या धावांचा आकडा घरी मोठ्या अभिमानाने सांगतो. त्या वेळी पालकांनी त्यास आणखी एक प्रश्न विचारावा: बाकीच्यांनी किती केल्या? हाच प्रश्न मनाशी धरून विजय सॅम्युएल हजारे यांची कारकीर्द वाचली असता त्यांची खरी योग्यता ध्यानी येते.

हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळामास्तर, तेव्हा घरी संपत्तीची रेलचेल नसावी, हे आम्हां शिक्षकांस सांगावयास नको!

त्या काळी मुंबईस धर्मवार संघांचे पंचरंगी सामने होत. हिंदू, मुसलमान, पारशी व युरोपियन यांच्या संघांखेरीज जो पाचवा संघ असे, त्यास ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’, असे नाव होते. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू हे सारे त्यांत. खेळाडूंची अशी धर्मावरून वाटणी व्हावी हे अनेक विचारी पुरुषांस रुचत नसे, आणि ते सामने पुढे बंद झाले हे योग्यच झाले. परंतु 1943 च्या डिसेंबरात ब्रेबोर्न मैदानावर या ‘उरलेल्यां’च्या संघातून हजारे जे खेळले, ते विसरण्याजोगे नाही. हिंदू संघाने 5 बाद 581 धावांवर डाव सोडला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद 250. रेस्टचा पहिला डाव 133 धावांत आटोपला व त्यांस लगेच पुन्हा खेळावे लागले. या दुसऱ्या डावात संघाच्या धावा 387, आणि त्यांपैकी एकट्या हजारे यांच्या 309! बंधू विवेक यांच्यासह त्यांनी 300 धावांची भागी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघा 21 धावांचा. बालवाचक हसतील; पण दुसरे टोक धरून उभे राहणारा तो भाऊ नसता तर 309 चा आकडा कोठून दिसला असता? सामना मात्र रेस्टने एक डाव व 61 धावांनी गमावला.

1948 च्या जानेवारीत ॲडलेड येथे हीच कथा अधिक मोठ्या रंगभूमीवर घडली. ऑस्ट्रेलियाने 674 धावा केल्या. ब्रॅडमन 201 धावा करून बाद झाले, ते हजारे यांच्याच चेंडूवर त्रिफळा उडून. नंतर हजारे यांनी पहिल्या डावात 116 व दुसऱ्या डावात 145 धावा काढल्या. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकविणारे ते पहिले भारतीय होत. त्या दुसऱ्या डावात लिंडवॉल यांच्या माऱ्यापुढे आपल्या सहा जणांच्या नावापुढे शून्य होते.

1952 च्या फेब्रुवारीत मद्रास येथे त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला. 1932 पासूनची ही पंचविसावी कसोटी. त्या यशात मोठा वाटा विनू मंकड यांच्या 12 बळींचा होता, हे सांगणे न्यायाचे होईल. चारच महिन्यांनी लीड्सला दुसऱ्या डावात भारताचे चार गडी एकही धाव होण्यापूर्वी बाद झाले. फलकावर 4 बाद 0! अशा वेळी कर्णधार हजारे 56 धावा करून गेले, आणि दत्तू फडकर यांच्यासह त्यांनी 105 धावांची भर घातली. माझ्या मते हे 56 मोठमोठ्या शतकांच्या पंक्तीस बसण्याजोगे आहेत.

30 कसोटींत 2192 धावा व सात शतके, ही त्यांची एकंदर मिळकत. हल्ली त्यांचे नाव एकदिवसीय सामन्यांच्या ‘विजय हजारे करंडका’मुळे मुलांच्या तोंडी असते. दिवस दिवस खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या पुरुषाचे नाव पन्नास षटकांच्या खेळास मिळावे, ही गंमतच म्हणावयाची. 1947 मध्ये बडोद्याकडून गुल महंमद यांच्यासह होळकर संघाविरुद्ध केलेली त्यांची 577 धावांची भागी जगात सर्वांत मोठी म्हणून 59 वर्षे टिकली. 2006 मध्ये संगक्कारा व जयवर्धने या श्रीलंकेच्या जोडीने 624 धावा करून ती मागे टाकली. हजारे 18 डिसेंबर 2004 रोजीच बडोद्यास निवर्तले होते.