थंडी प्यालेला पालक

(अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, जानेवारीतली दुपार. नाशिकहून शिकायला आलेली भाची मावशीच्या परसातल्या पॉलिहाऊसमध्ये शिरते.)

भाची : अगं, बाहेर गुडघाभर बर्फ आणि इथे पालक! हीटर कुठे आहे?

मावशी : हीटर नाहीच. वर प्लास्टिक, आणि वाफ्यांवर तारेच्या कमानी रोवून हे पांढरं क्रॉप कव्हर. आपल्याकडे कलिंगडवाले वेलांवर घालतात ना, तसलंच. फक्त पानाला टेकू द्यायचं नाही, टेकलं तिथे पान गारठ्याने जळतं. माती दिवसा तापते, रात्री ऊब सोडते. दोन पांघरुणं असली की ती ऊब सावकाश जाते.

भाची : म्हणजे आत काही गोठत नाही?

मावशी : गोठतं की! बाहेर उणे १५ असलं तर आतही पारा शून्याखाली जातो. सकाळी सातला ये, पानं काळपट हिरवी, कडक, माना टाकलेली दिसतील. तेव्हा हात लावायचा नाही.

भाची : मग ती मरत कशी नाहीत?

मावशी : हळूहळू थंडी वाढत गेली की पालक पानात साखर साठवतो. साखर विरघळलेलं पाणी शून्याला गोठत नाही, त्याला आणखी गारठा लागतो. तरी बर्फ झालाच तर तो आधी पेशींच्या मधल्या फटींत होतो. पेशींच्या आतलं पाणी तिकडे ओढलं जातं, म्हणून पान लुळं पडतं. ऊन आलं, बर्फ वितळला, की पाणी परत आत. अकरा-बारापर्यंत थांब, याच माना वर आलेल्या असतात. गोठलेलं पान खुडलंस तर पेशी फाटतात आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत लगदा होतो. आता हे खाऊन बघ, कच्चंच.

भाची : गोड आहे! पालक असा लागतो?

मावशी : थंडीतला लागतो. बाजारातल्या पालकाला ही चव मी कधी बघितली नाही.

भाची : मग मेथी, लाल माठ, सगळंच पेरू या ना. आत्ता बी टाकलं तर महिन्याभरात भाजी!

मावशी : नाही येणार. इथे थंडीपेक्षा उजेडाची टंचाई मोठी. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत इथला दिवस १० तासांपेक्षा लहान असतो, आणि तेवढ्या उजेडात झाडं जवळजवळ वाढायची थांबतात. नाशिकला डिसेंबरातही दिवस जवळपास ११ तासांचा असतो, म्हणून तुला हे कधी जाणवलं नाही. मेन राज्यात एलियट कोलमन नावाचे शेतकरी आहेत, त्यांनी बिनहीटरची हिवाळी शेती या १० तासांच्या हिशोबावरच बसवली. पेरणी सप्टेंबरात उरकायची, नोव्हेंबरपर्यंत झाडं भरायला हवीत. त्यानंतर हे पॉलिहाऊस म्हणजे कोठार. आत जे उभं आहे तेच पुरवून खायचं, बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब राखायचा. आणि माठ? तो पहिल्याच बर्फाळ रात्री जातो. मेथी हलका गारठा सोसते, कडाक्यात काळवंडते. टिकतो तो पालक, आणि केल व बारीक गोल पानांची माश या इथल्या पालेभाज्या.

भाची : पाणी किती घालतेस?

मावशी : डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ नाहीच. माती सुकतेच कुठे? उलट उन्हाच्या दिवशी दार उघडावं लागतं, नाहीतर आत दमट उकाडा होऊन पानांवर बुरशी येते.

भाची : आपल्याकडे असं कुणी करतं?

मावशी : तळेगावच्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब-जरबेरा होतात, पण तिथे ऊन-पाऊस आवरायचा असतो. हा प्रकार बघायचा तर लडाखला जा. तिथे उत्तरेला जाड मातीची भिंत, दक्षिणेला प्लास्टिक. भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर ऊब देते. रस्ते बर्फाने बंद असताना तिथल्या घरांत ताजी पालेभाजी येते ती अशी. मला ती भिंत फार हुशारीची वाटते. माझ्याकडे नुसतं प्लास्टिक आहे.

भाची : आज काय करायचं याचं?

मावशी : ताकातला पालक. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे सकाळीच भिजवलेत, आधी ते शिजवून घेऊ. हे पान जाड असतं, बाजारातल्यासारखं मूठभर होऊन बसत नाही, तेव्हा जुडी बेताचीच खुड. आंबट ताकाला बेसन लावून घालायचं आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर फुटतं. वरून लसूण, लाल मिरची, हिंगाची फोडणी. गुळाला हात लावू नकोस, पालकातच गोडी आहे.

भाची : आणि केलची?

मावशी : शिरा काढून बारीक चिरायची आणि मेथीसारखी पीठ पेरून करायची. केल शिजायला वेळ घेते, झाकण ठेवून वाफ काढ आणि मगच पीठ घाल. माश मात्र शिजवू नकोस, नुसता लगदा होतो. दाण्याचं कूट, लिंबू, मीठ, कोशिंबीर. चल, साडेचारच्या सुमारास सूर्य बुडेल, त्याआधी खुडून कव्हर परत ओढायचंय.